रिकाम्या गाडीची चेन

वाटीत नट पडला. टण्ण.

घर जेवून आडवं झालं होतं. मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ. माडाची एक झावळी हलत नव्हती. त्या शांततेत तो एवढासा आवाज पडवीतून थेट माजघरात गेला.

"काय गो, कसली वाटी ती?" आतून सासूबाईंनी विचारलं. "जेवणाची तर नाय ना?"

"जुनी आहे, आई. काठ गेलेली."

"काठ गेला तरी वाटी जेवणाचीच. आमच्याकडे वाटीत सोलकढी घेतात. तुमच्या घाटावर नट-बोल्ट घेत असतील."

माझा नवरा रोशन समोर उकिडवा बसला होता. तो खाली मान घालून हसला.

"हसू नको. चाक धर," मी म्हटलं.

त्यानं डावीकडचं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं. मला जड उचलायची मनाई होती. चौथा महिना चालू होता, आणि तीन महिने खाल्लेलं सगळं बाहेर टाकून झाल्यावर पोट नुकतं कुठे स्थिरावत होतं. पण चेनचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. माझे वडील, आप्पा, पाटणला दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवतात. मी चौथीत असल्यापासून त्यांच्या हाताखाली. लग्नाच्या बोलणीत मुलगी स्वयंपाक करते, शिवण जाणते, असं सांगतात, आप्पांनी सांगितलं होतं, "स्वप्नाली इंजिन उतरवते." आणि मोठे दीर नंदूभाऊजी लगेच म्हणाले होते, "मग काय, घरचा मिस्त्री झाला!"

ते खरंच होतं. सावरबंदरच्या किनाऱ्यावर दोघा भावांच्या चार एटीव्ही होत्या. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांच्या त्या ठेंगण्या गाड्या, वाळूत पाहुण्यांना फिरवतात त्या. खारं पाणी आणि वाळू, दोन्ही चेनला खातात. लग्न होऊन दहा महिने झाले होते आणि तेवढ्यात मी सहा चेनी बदलल्या होत्या. त्या दिवशी तीन नंबरची लाल गाडी ठोकळ्यावर चढवलेली होती. तिची चेन दाते सोडून उडायला लागली होती.

जुनी चेन काढली आणि वास आला. काळं ग्रीस, त्यात बारीक वाळू, त्यात शेवाळ, आणि कुठल्यातरी मेलेल्या माशाचं कातडं दोन कड्यांच्या मध्ये चेपून बसलेलं. उन्हानं ते मऊ झालं होतं. मी तोंड फिरवलं, पण उशीर झाला. माडाच्या बुंध्याशी जाऊन सगळं जेवण उलटलं.

रोशन तांब्या घेऊन आला. "राहू दे. संध्याकाळी करू."

"संध्याकाळी गिऱ्हाईक असणार. चल."

मागचं मोठं दातेरी चक्र, ज्याला सगळे स्पॉकेट म्हणतात, ते चार बोल्टांवर होतं. मीठ खाऊन बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल सोडलं, ठोकलं, पान्याच्या मागे पाइप लावून रोशननं जोर दिला. एकेक करत तीन वाटीत पडले. चौथा तुटूनच निघाला. चक्र हातात घेतलं तर दाते एका बाजूला वाकलेले, मांजराच्या नखांसारखे.

आप्पांनी पाठवलेलं नवं चक्र कागदातून काढलं. निळसर, तेल लावलेलं, त्याला कसलाही वास नव्हता. ते बसवलं, बोल्ट कसले, नवी चेन चढवली, तिचं लॉक बंद केलं, रोशननं चाक परत लावलं. इथपर्यंत सगळं आप्पांनी शिकवलं होतं तसं झालं. आता उरला होता चेनचा झोळ, म्हणजे ती किती सैल सोडायची ते.

मी रोशनला म्हटलं, "गाडी ठोकळ्यावरून उतरव आणि बस."

"कशाला?"

"माणूस बसला की गाडी खाली दबते. दबली की चेन ताणली जाते. बसवूनच झोळ बघायचा असतो. दोन मिनिटांचं काम आहे."

तो पाय टाकणार एवढ्यात नंदूभाऊजी आले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, दोन लिंबं आणि हळदीची पुडी.

"ए, ए! उतर! नवा भाग घातलाय ना गाडीला? नारळ फुटल्याबिगर कोण बसत नाय आपल्याकडे. बाबांच्या होडीपासूनचा नेम हाय."

"मग फोडा ना आत्ता, दादा."

"चारला फोडायचा. पाहुणे बघतात तेव्हा. त्यांनाही बरं वाटतं, गाडीची पूजा बघितली की."

मी म्हटलं, "भाऊजी, नुसतं बसायचंय. चालवायची नाहीये."

"नुसतं आणि काय! बसलं म्हणजे बसलं."

"मग मी बसते."

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या झोपल्या नव्हत्याच. "पोटुशी बाई नव्या गाडीवर? शुद्ध हाय का तुला?"

मग मी अंदाजानं केलं. रिकाम्या गाडीवर तीन बोटं झोळ सोडला. चेन खालून लोंबत होती. दिसायला वाईट, पण माणसं बसली की बरोबर येईल असा माझा हिशोब होता. मागच्या धुऱ्याचे बोल्ट कसले आणि हात पुसले.

भाऊजींनी वाकून पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं चेन हलवली. ती खडखडली.

"हे काय? साडी वाळत घालायची दोरी हाय का?"

"बसल्यावर ताणली जाईल, भाऊजी."

"अगं, नवी चेन अशी लोंबते? आपल्या शेजारचा तो बंड्या बघेल तर फोटो काढून गावभर फिरवेल. टाइट कर."

"जास्त ताणली तर..."

"स्वप्नाली." आवाज चढला नव्हता. उलट जरा खालीच आला होता. "गाड्या मी सात वर्षं चालवतोय. तुझ्या आप्पांकडे शाईन आणि स्प्लेंडर येतात. ही वाळूतली गाडी हाय. टाइट कर."

मी रोशनकडे पाहिलं. तो वाटीतले जुने बोल्ट कागदात बांधत होता. फार मन लावून बांधत होता.

मी बोल्ट सैल केले. चेन ताणायचा स्क्रू फिरवला. एक फेरा, दीड फेरा, दोन. चेनखाली बोट घातलं तर जेमतेम एक मावलं. वर दाबलं तर ती तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजली. कुणी माझा हात धरून फिरवला नव्हता. पाना माझ्या हातात होता आणि मला कळत होतं.

"आता कशी शोभते!" भाऊजी म्हणाले.

मी एवढंच म्हटलं, "नारळ फुटला की आधी तुम्ही दोघं बसा. मी झोळ बघते, मगच गिऱ्हाईक."

"बघू, बघू."

चार वाजता किनाऱ्यावर नारळ फुटला. लाल गाडीला हळदीची पाच बोटं, चाकांखाली लिंबं. पाण्याचे शिंतोडे नव्या चेनवर पडले. भाऊजींनी हात जोडले, रोशननं जोडले, मीही जोडले. आणि डोळे उघडले तर समोर गिऱ्हाईक उभं.

एक बाई, पस्तिशीची, अंगानं काटक. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी आणि बाईचा भाऊ. तो चांगलाच देहानं मोठा. बाई येताच म्हणाली, "नारळ फोडलेलीच गाडी द्या हो आम्हाला. ज्योत्स्ना घोलप म्हणतात मला, कऱ्हाड डेपोला कंडक्टर आहे. चौदा वर्षं चालत्या गाडीत उभी आहे. आज बसायचंय, आणि तेही चालवत!"

सगळे हसले. मीसुद्धा.

"ताई, सुट्टे द्या म्हणू नका तेवढं," भाऊजी म्हणाले.

"सुट्टे माझ्याकडेच असतात! लोक देत नाहीत."

मुलगी उन्हानं डोळे बारीक करत होती. ज्योत्स्नाताईंनी आपली ओढणी काढली, पोपटी रंगाची, काठाला बारीक टिकल्या, आणि मुलीच्या डोक्याला घट्ट बांधली. मागे गाठ, गाठीवर दुसरी गाठ. "गार्गे, सोडलीस तर बघ." गार्गी गाडीच्या आरशात बघून म्हणाली, "मी भाजीवाली दिसते."

मी भाऊजींच्या जवळ गेले. हळू म्हटलं, "भाऊजी, आधी तुम्ही बसून..."

"आता गिऱ्हाइकासमोर?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

मी दोनदा म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

पुढे मुलगी, मध्ये ज्योत्स्नाताई, मागे तिचा मामा. मामा बसला तशी गाडी मागून खाली दबली. मी चेनकडे बघत होते. तिच्यात झोळ उरलाच नव्हता. सरळ रेघ.

गाडी पाण्याच्या कडेनं गेली, वळली. गार्गीची किंकाळी आनंदाची होती, पोपटी डोकं लांबून दिसत होतं. गावाचा ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे वाळूत एक घळ पडलेली असते. गाडी त्या घळीत उतरली, तळाशी दबली, आणि 'कड्‌' असा आवाज आला. मागची चाकं जागीच आवळली. गाडी एका कुशीवर गेली.

मी धावले. रोशन ओरडत होता, "तू धावू नको!"

मुलगी ओल्या वाळूत बाजूला फेकली गेली होती; तिला काही झालं नव्हतं. मामाचा खांदा खरचटला होता. ज्योत्स्नाताई बसून होत्या आणि आपल्या डाव्या पायाकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्याचा पाय आहे. तुटलेल्या चेनचं टोक टाचेच्या वर लागलं होतं. आत पांढरं दिसत होतं. तिथलं वर्णन मला करायचं नाही. एवढं सांगते, चेनचं ताजं ग्रीस, जे मी दुपारी बोटानं लावलं होतं, ते जखमेच्या कडेला काळं लागलेलं होतं.

"मला पाय खाली टेकता येत नाहीये," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे. "ओ ताई, मला टेकताच येत नाहीये."

ॲम्ब्युलन्सची वाट बघत थांबण्यात अर्थ नव्हता. बंड्यानंच आपली जीप काढली. मामानं बहिणीला उचललं, जीपमध्ये ठेवलं आणि मग त्याला भाचीची आठवण झाली. तो माझ्याकडे वळला. तिथे मी एकटीच बाई होते.

"ताई, हिला एवढे दोन-तीन तास सांभाळा. तिनं हे बघायला नको. मी येतो न्यायला."

त्यानं गार्गीचा हात माझ्या हातात दिला. तिचा तळवा वाळूनं भरलेला, गरम.

जीप गेली. माणसं पांगायला लागली, उरलेली मोबाइल धरून उभी होती. भाऊजींनी सगळ्यांना मागे सारलं. "चला, चला, तमाशा नाय हा." मग ते गार्गीसमोर गुडघ्यावर बसले. चेहरा इतका मायाळू की मला वाटलं, हा माणूस आता रडणार.

"ये बाळा. घाम आलाय किती. ही काढूया हां? वारा लागू दे डोक्याला."

मागची गाठ सुटेना. त्यांनी दातानं सोडवली. पहिली, मग दुसरी. ओढणी घडी करून काखेत घेतली आणि पडलेल्या गाडीकडे गेले. रोशन त्यांना आडोसा करून उभा राहिला, लोकांकडे तोंड करून, हात पसरून. मला फक्त भाऊजींची वाकलेली पाठ दिसत होती आणि एक कोपर, जे मागे-पुढे, मागे-पुढे होत होतं. पीठ मळताना होतं तसं.

ते बाजूला झाले तेव्हा पोपटी कापड नव्या चक्राच्या दात्यांत गुंडाळलं गेलं होतं. टिकल्या चमकत होत्या. वर काळं ग्रीस चोळलेलं होतं, नीट, सगळीकडून.

भाऊजी समुद्रात हात धुवून आले. वाटेत फुटलेल्या नारळाचं एक भकल पडलं होतं. त्यांनी ते उचललं, वाळू फुंकली आणि खोबरं दातानं तोडून खाल्लं. चावल्याचा आवाज मला आला. माझ्या तोंडात आंबट पाणी भरलं, आणि या वेळी मी ते गिळलं, कारण माझा हात धरून मुलगी उभी होती.

साडेपाचला हवालदार आले. पडवीत खुर्ची टाकली, सासूबाईंनी चहा दिला, बरोबर प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. ते काही वाईट माणूस नव्हते. दिवसभराचे दमलेले दिसत होते.

"गाडीची दुरुस्ती?" त्यांनी विचारलं.

"आजच केलेली, साहेब," भाऊजी म्हणाले. "नवं स्पॉकेट, नवी चेन, सगळं नवंकोरं. पूजा करून काढली गाडी. आता बाईमाणसाच्या ओढण्या... आम्ही सांगतो गळ्यात घेऊ नका, पण फोटोसाठी घेतात. गेली चेनमध्ये. आवळली, चेन तुटली. तुम्ही बघितलीच की."

"बघितली. कोण होतं जवळ?"

रोशन म्हणाला, "मी लांब होतो."

गार्गी माझ्या मांडीवर होती. सासूबाईंनी तिला दिलेलं बिस्किट तिनं खाल्लं नव्हतं. मुठीत धरून त्याचा चुरा केला होता. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही बघितलंत?"

"पोटुशी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "तिला कशाला असलं विचारता?"

"एक वाक्य फक्त. ओढणी चेनमध्ये गेली होती का?"

रोशन माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला आणि पोटावर थांबला. हलका. त्या दहा महिन्यांत त्यानं चारचौघांत मला कधी हात लावला नव्हता. कानाशी येऊन तो म्हणाला, "बाळाचा विचार कर."

त्याच्या बोटांना रॉकेलचा वास येत होता. माझ्याही.

"ओढणी चेनमध्येच होती," मी म्हटलं.

शब्द न् शब्द खरा होता. हवालदारांनी लिहून घेतलं.

माझ्या मांडीवरून गार्गीनं मान वर केली. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि कानामागे गाठीचा लाल वळ अजून दिसत होता.

"काकू," तिनं हळूच विचारलं, "ओढणी तर माझ्या डोक्याला होती ना?"

हवालदार पेनचं टोपण लावत होते. त्यांनी ऐकलं असेल, नसेल. मी तिला दुसरं बिस्किट दिलं.

सात वाजता तिचा मामा आला. सदऱ्यावर वाळलेलं रक्त. घोट्याची शीर तुटलीय, कोल्हापूरला हलवतायत, एवढं त्यानं सांगितलं. ओढणीचं हवालदारांनी त्याला दवाखान्यातच ऐकवलं होतं. "मी मागे बसलो होतो, मला कुठं दिसतंय," तो म्हणाला. "ओढणी कधी डोक्याला होती, कधी सुटली, तेच आठवत नाही. तिचीच चूक म्हणायची. दुसरं काय." मग त्यानं मला हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून पोरगी तरी नीट राहिली, ताई. तुमचे उपकार आहेत."

मुलगी जाताना मागे वळून माझ्याकडे बघत राहिली. लहान मुलं चिडून बघतात तशी नाही. वाट बघत असल्यासारखी.

त्या संध्याकाळी घरात सुरमईचं कालवण होतं. भाऊजींनी दोनदा भात घेतला. कुणीतरी म्हणालं, तिरफळ जरा कमी पडलं. सासूबाई म्हणाल्या, आज लक्षच नव्हतं.

मला वाटलं होतं, भाऊजी जे बोलले तसंच झालं असं त्यांना खरंच वाटत असावं. माणूस आपलंच खोटं दोन-तीनदा बोलला की त्याला ते पटतं. भाऊजींनाही पटलं असेल, ओढणीच असेल, चेन ताणल्यानं तुटली हे त्यांना मुळात कळलंच नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. अडाणीपणा मला चालला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पडवीत आली. मी दुसरी चेन चढवली. चक्राच्या दात्यांत एक पोपटी धागा अडकला होता, तो पकडीनं ओढून काढला. बोल्ट कसायला पाना उचलला, तेवढ्यात भाऊजी घरातून आले. नारळ नव्हता, लिंबू नव्हतं. त्यांनी सरळ गाडीवर पाय टाकला आणि बसले. पूर्ण वजन देऊन. वर रोशनला हाक मारली, "ये रे, मागे बस."

दोघं बसले. गाडी दबली.

"हां," भाऊजी समोर समुद्राकडे बघत म्हणाले. "आता ताण."

माझ्या हातातून पाना निसटला आणि वाटीवर पडला. वाटी उलटली, बोल्ट पडवीभर घरंगळले. मी ते एकेक करून वेचले, कारण वेचताना मान खाली ठेवता येत होती. मग दीड बोट झोळ ठेवून चेन लावून दिली. बिनचूक. ती गाडी त्यानंतर दोन वर्षं तशीच चालली असं मला कळलं.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आले. आप्पांनी स्टँडवर पिशवी घेतली. चालता चालता, माझ्याकडे न बघता, एवढंच विचारलं, "तो अपघात झाला म्हणे तुमच्याकडे. वजन बसवलं होतंस?"

मी म्हटलं, "नाही."

दुकानाशी आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "रिकाम्या गाडीची चेन खोटं बोलते, सपना. शंभरदा सांगितलं होतं." मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

मी परत गेले नाही. भांडण झालं नाही, कागद झाले नाहीत. बाळ लहान आहे, बाळाला दात येतायत, बाळाची शाळा. अशी सहा वर्षं गेली. रोशन वर्षातून दोनदा येतो. बर्फाच्या डब्यात सुरमई आणतो, जुईला खांद्यावर घेऊन नदीवर जातो, तिला हसवतो. प्रेमळ आहे. त्यानं डबा उघडला की मी अंगणात जाऊन उभी राहते, आणि आप्पांना वाटतं, मला अजून मासळीचा वास सोसत नाही.

दीड वर्षापूर्वी जुईला घेऊन कऱ्हाडला गेले होते, कानाच्या डॉक्टरांकडे. परतीला डेपोत तिकिटाची रांग होती. खिडकीमागे ज्योत्स्नाताई होत्या. बसलेल्या. टेबलाला काठी टेकवलेली. कुणाला तरी सांगत होत्या, "सुट्टे द्या हो, सुट्टे," आणि पुढचा माणूस हसत होता. माझ्यापुढे चार माणसं होती. मग तीन. जुई म्हणाली, "आई, आपला नंबर आला." मी तिला उचललं आणि रांगेतून बाहेर पडले. वडापच्या जीपनं आलो.

आता दुकान मीच बघते. आप्पांचे गुडघे गेलेत. हे लिहिते ते जुई दुपारी झोपते त्या तासाभरात; बोटांना ग्रीस असतंच, कागदाच्या कडांना डाग पडलेत. झोपेत तिची मूठ उघडते आणि तळहात दिसतो, तेव्हा मला आधी दुसराच एक तळहात आठवतो, वाळूनं भरलेला. मग मी माझं बोट तिच्या मुठीत ठेवते. चेनखाली घालते तेच बोट. ती धरते.

काल दुपारी ती झोपली नाही. दुकानात माझ्या शेजारी डब्यावर बसून पेरू खात होती. एका शिक्षकांची मोटरसायकल होती, चेन लावून झाली होती आणि त्यांना घाई होती.

"झालं ना, ताई? निघू?"

"आधी बसा, सर. दोन मिनिटं."

"अहो, तासिका आहे माझी."

"काका, बसा," जुई पेरू चावत म्हणाली. "आई बसवल्याशिवाय सोडतच नाही. परवा पोस्टातल्या काकांना दोनदा बसवलं. त्यांचा डबा पडला."

सर हसले आणि बसले. मी झोळ बघितला, अर्धा फेरा सैल केला, पुन्हा बघितला. ते गेले.

जुई डब्यावरून उतरली. स्टँडला लावलेल्या दुसऱ्या रिकाम्या गाडीजवळ जाऊन तिनं माझ्यासारखंच चेनखाली बोट घालून पाहिलं, मग ते बोट काळं झालं म्हणून मला दाखवलं. मी फडक्यानं पुसत होते. एकेक पेर.

"आई, सगळ्यांना बसवायचं कशाला?"

"माणूस बसला की चेन ताणली जाते, राणी. किती ताणली जाते ते आधी बघावं लागतं."

तिनं विचार केला. पेरूची एक बी जिभेवर घेऊन बाहेर काढली, बघितली.

"आणि कुणालाच बसवलं नाही तर?"

तिचं बोट माझ्या हातातच होतं. पुसून स्वच्छ झालं होतं, तरी मी पुसत राहिले. ती मान वर करून बघत होती. वाट बघत होती.